मुंगी चुकते तेव्हा

इस्पितळाच्या तळघरात लिफ्ट थांबली की बहुतेक माणसं बाहेर डोकावतात, चुकून आलो असं पुटपुटतात आणि पुन्हा वर जातात. जी जात नाहीत ती लाँड्रीतली. चादरी, उशांचे अभ्रे, डॉक्टरांचे हिरवे डगले असं सगळं तिथे धुतलं जातं, वाफेच्या रोलरखालून निघतं आणि एका लांबलचक टेबलावर येऊन पडतं. त्या टेबलाच्या एका टोकाला चादरवाली मावशी आणि दुसऱ्या टोकाला रेडिओ, अशा दोघी वर्षानुवर्षं उभ्या आहेत. रेडिओला रेडिओ का म्हणतात ते सांगायला नको. कामावर आली की ती चालू होते, आणि घरी गेल्यावर तरी बंद होते की नाही हे तिच्या सुनेलाच ठाऊक.

मावशी तिच्या अगदी उलट. तिचं तोंड उघडलं की समजावं, चादर फाटकी निघाली. एरवी दोघींनी चादरीची दोन-दोन टोकं धरायची, ताणायची, एक झटका द्यायचा, मग चालत एकमेकींजवळ यायचं, टोकांना टोकं लावायची आणि पुन्हा मागे सरायचं. दिवसभर असं जवळ येणं आणि लांब जाणं. जवळ आली की रेडिओ बोलायची, लांब गेली तरी बोलायची, आणि मावशी मान हलवायची.

जेवणाच्या सुट्टीत मात्र मावशी डबा उचलून अभ्र्यांच्या गठ्ठ्यामागे जाऊन बसे. मोबाइल गठ्ठ्याला टेकवून उभा करायचा, एका कानात वायर घालायची आणि घास चावायचा विसरून बघत राहायचं. रेडिओचा जीव वरखाली होई.

"कुठली मालिका गं ही? रोज बघतेस ती?"

"आहे एक."

"हिरो कसा आहे दिसायला?"

मावशीने स्क्रीनकडे जरा निरखून पाहिलं. "बरा आहे. वाळलाय जरा."

हिरो तिचा स्वतःचा मुलगा होता आणि तो अपूर्णांक शिकवत होता.

मुलगा विमानानेच जाता येईल अशा गावी नोकरीला होता. लग्न केलं नव्हतं. का केलं नव्हतं हे मावशीने एकदा विचारलं होतं आणि पुन्हा विचारायचं नाही असं ठरवून टाकलं होतं. दर रविवारी दुपारी त्याचा फोन येई. तो फोन म्हणजे पाठ केलेल्या प्रार्थनेसारखा होता, एक शब्द इकडचा तिकडे नाही.

"जेवलीस का?"

"जेवले."

"गोळ्या घेतेस ना वेळेवर?"

"घेते रे."

"बरं. ठेवू?"

"ठेव."

त्यात माया नव्हती असं म्हणायची सोय नाही. चुकून एक रविवार गेला असेल तर शप्पथ. पण आठवडाभर मनात साठवलेलं काही काही ती फोनपाशी घेऊन यायची आणि ते सगळं तोंडातच राहायचं. फोन ठेवल्यावर घर असं काही गप्प व्हायचं की ती उगाच भांडी वाजवत बसायची.

अशाच एका फोनमध्ये तो म्हणाला होता, "हल्ली मी शाळेतल्या मुलांसाठी गणिताचे व्हिडिओ टाकतो. हौस म्हणून. तुला नाही त्यातलं काही कळायचं."

ते तर खरंच होतं. सातवीनंतर मावशीचा आणि गणिताचा काडीमोड झाला होता. पण व्हिडिओ म्हणजे त्यात चेहरा दिसणार, एवढं तिला कळलं. दुसऱ्या दिवशी कामावरून येताना ती कोपऱ्यावरच्या रिचार्जवाल्याच्या दुकानात शिरली. त्याने इकडे तिकडे बोटं फिरवून मुलगा शोधून दिला आणि म्हणाला, "खातं उघडून देतो, म्हणजे नवीन व्हिडिओ आला की कळेल. नाव काय टाकू?"

मावशी गडबडली. "माझं नको बाई. त्याला वाटेल, आई पाळत ठेवते."

"मग काहीतरी तर टाकायला हवं ना." दुकानदाराने तयार चित्रं सरकवली. एका चित्रात मुंगी साखरेचा दाणा घेऊन निघाली होती. "ही घ्या. मुंगी. कुणाच्या अध्यात ना मध्यात."

अशी मावशी मुंगी झाली.

सुरुवातीला तिने गणित ऐकलंच नाही. ती मुलगा बघत होती. शर्टाचं वरचं बटण वेगळ्या रंगाच्या दोऱ्याने लावलं होतं, म्हणजे स्वतःच लावलं असणार. मागे फळी होती, फळीवर एक निळा कप. एकच. कुंडीतलं झाड दर व्हिडिओत आणखी मान टाकत होतं, त्याला पाणी घाल रे, असं ती दर वेळी डब्यातल्या घासाला सांगायची. त्याच्या भुवईवरचा पडल्याचा व्रण अजून तसाच होता. अंश कशाला म्हणतात आणि छेद कशाला, हे त्याने कितीदा सांगितलं तरी तिच्या डोक्यावरून गेलं, पण कप निळा आहे हे तिला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं.

पण माणसाचा आवाज कानावर पडत राहिला की त्यातलं थोडं थोडं आत झिरपतंच. आणि आवाज असा, की तिने कधी ऐकलेला नव्हता. "घाई नाही हं," तो फळ्याकडे वळत म्हणायचा. "नाही कळलं तर पुन्हा बघू. कितीही वेळा विचारा, मी आहे." ठेवू, असं तो त्या मुलांना एकदाही म्हणत नव्हता.

पाहणारी मुलं होती मोजकीच. नाव काढावं असं काही त्या व्हिडिओत नव्हतं, नाच नाही, विनोद नाही, एक सडसडीत माणूस आणि एक पांढरा फळा. पण जी दहा-बारा पोरं खाली काही लिहायची, त्यांतल्या प्रत्येकाला तो उत्तर द्यायचा. ते वाचता वाचता एक दिवस मावशीला शंका आली. खरीखुरी, गणिताची. तिलाच आश्चर्य वाटलं. उरलेली सुट्टी एका बोटाने अक्षरं शोधण्यात गेली, आणि तिने लिहिलं, "सर, खालचा आकडा मोठा झाला तर तुकडा लहान का होतो? मोठा व्हायला पाहिजे ना?"

सर लिहिताना तिला हसू आलं. ज्याचं नाक पुसलं त्याला सर. पण बाकीची मुलं तसंच लिहीत होती, आणि मुंगीने वेगळं लिहून कसं चालेल?

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं होतं. भलंमोठं.

"मुंगी, किती छान प्रश्न विचारलास! हा प्रश्न पुष्कळांना पडतो, पण विचारायला लाजतात. एक कागदाची पट्टी घे. मधोमध दुमड. दोन भाग झाले. पुन्हा दुमड, चार झाले. पुन्हा दुमड, आठ. आता बघ, भाग वाढत गेले पण पट्टी तेवढीच राहिली, म्हणून एकेक भाग लहान होत गेला. खालचा आकडा म्हणजे किती जणांत वाटलं ते. करून बघ आणि मला सांग."

मावशीने ते परत परत वाचलं. तो मोठा झाल्यापासून एका दमात एवढी वाक्यं तिच्याशी बोललेला तिला आठवेना. आणि शेवटी काय, तर मला सांग. दुपारी चादर दुमडताना ती मध्येच थांबली. दोन पदर. चार पदर. आठ. आयुष्यभर ती आठाचा छेद हातात धरून उभी होती आणि तिला पत्ता नव्हता.

"अगं पुढे सरक की," रेडिओ पलीकडून म्हणाली. "भूत बघितल्यासारखी काय उभी राहिलीस?"

त्या दिवसापासून मावशीला जगायला एक निमित्त झालं, असं म्हटलं तर तिला राग येईल, पण झालं खरं. व्हिडिओच्या शेवटी तो एक उदाहरण घालायचा. मुलांनी खाली उत्तर लिहायचं. चुकलं, तर तो समजावून सांगायचा, आणि बरोबर आलं तर नुसता वर केलेला अंगठा. मावशीचं सुरुवातीला हटकून चुकायचं. अर्ध्यात एक तृतीयांश मिळवायचा होता, तर तिने वरचे आकडे वरच्यात मिळवले, खालचे खालच्यात, आणि दोन छेद पाच असं ठोकून दिलं. सरांनी लिहिलं, "मुंगी, अर्ध्यात आणखी काहीतरी घातलंस आणि उत्तर अर्ध्यापेक्षाही कमी आलं! असं घरात झालं तर आई ओरडेल की नाही? चल, पहिल्यापासून बघू." आणि पुढे खरोखरच पहिल्यापासून सगळं, पायरी पायरीने.

आई ओरडेल की नाही, हे वाचून आई गठ्ठ्यामागे एकटीच हसली.

तो लहान असताना ती त्याच्यावर ओरडली नव्हती. अभ्यासावरून तर कधीच नाही. नवरा लवकर गेला, पोर हुशार निघालं, आणि त्याच्या वह्यांतलं तिला काही कळेनासं झालं तेव्हापासून ती त्याच्या अभ्यासाला घाबरूनच होती. घरात खोल्या दोन. आतल्या खोलीत त्याचं टेबल. तो संध्याकाळी पुस्तक उघडून बसला की ती मधलं दार हलकेच ओढून घ्यायची. स्वयंपाकघरात पळीसुद्धा वाजू द्यायची नाही, शेजारीण आली तर तिला जिन्यातूनच परत पाठवायची. "मी कधी त्याच्या अभ्यासात लुडबुड केली नाही," हे ती रेडिओला आजही अभिमानाने सांगे. मुलगा परगावी गेल्याला इतकी वर्षं झाली तरी संध्याकाळ झाली की तिचा हात आपोआप त्या दाराकडे जायचा. आत टेबल होतं, टेबलावर तिने इस्त्री करून घातलेलं कापड होतं, आणि कुणी नव्हतं.

आपणच मुंगी, हे त्याला सांगून टाकावं असं तिला वाटलं नाही असं नाही. एका रविवारी तिने धीर केला. जेवलीस का झालं, गोळ्या झाल्या.

"अरे, ऐक ना," ती म्हणाली. "ते छेद समान करायचं असतं ना..."

"काय करायचं असतं?"

"छेद रे. खालचे आकडे."

तो हसला. वाईट नव्हता हसला, घाईत हसला. "आई, तुला कुणी सांगितलं हे? बरं, मी आता ठेवू? मुलं उत्तरं लिहून बसलीयेत खाली, त्यांना वाट बघायला लावणं बरं दिसत नाही."

"ठेव," ती म्हणाली.

ती मोबाइल मांडीवर ठेवून बसून राहिली. थोड्या वेळाने टिंग वाजलं. "मुंगी, तुझी पद्धत आज अगदी बरोबर होती, फक्त शेवटी गुणाकारात घसरलीस. हे बघ..." आईचा फोन ठेवून तो मुंगीशी बोलायला गेला होता. मावशीला हसावं की रडावं ते कळेना, म्हणून तिने दोन्ही थोडं थोडं केलं. आणि मग तोंडाला कुलूप घातलं. सांगितलं तर मुंगीची आई होईल, आणि आईला काय मिळतं ते तिला दर रविवारी कळतच होतं.

घोटाळा पुढेच झाला. मावशीला गणित यायला लागलं.

कसं ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं. दिवसभर हातात चादरी, डोक्यात छेद. पहिल्यांदा बरोबर उत्तर आलं आणि सरांचा अंगठा उमटला, तेव्हा ती इतकी खुलली की रेडिओने विचारलं, पगारवाढ झाली का. पुढच्या उदाहरणालाही अंगठा. त्याच्या पुढच्यालाही. मग मात्र तिच्या लक्षात आलं की किती दिवसांत त्याने तिला एक अक्षरही लिहिलेलं नाही. इतर पोरं चुकत होती आणि त्यांना ओळीच्या ओळी मिळत होत्या. कुणी एक टोपीवाला म्हणून होता, त्याचं तर एकही उत्तर कधी धड यायचं नाही, आणि सर त्याला पानभर लिहायचे. मावशीला त्या पोराचा हेवा वाटला. या वयात, न पाहिलेल्या पोराचा. तिने स्वतःला चार शब्द सुनावले, पण हेवा काही गेला नाही.

त्याच सुमारास एकदा चादर झटकताना रेडिओ आपल्या नातवंडांचं पुराण लावून बसली होती. "नात माझी इतकी शहाणी, आपलं आपण जेवते, आपलं आपण आवरते. तिच्याकडे घरात कुणी ढुंकून बघत नाही बघ. आणि तो थोरला, सांडेल, पाडेल, रडेल, की सगळं घर त्याच्याभोवती."

मावशी चादरीची टोकं घेऊन जवळ आली आणि परत मागे जायची विसरली.

पुढच्या उदाहरणाला मुंगी चुकली.

मुद्दाम चुकणं सोपं असतं असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा करून बघावं. वाटेल तो आकडा ठोकला तर सरांना वाटणार, पोरगी टवाळी करते. चूक कशी, खरी वाटली पाहिजे, लहान मुलाच्या हातून होईल अशी. त्यासाठी मावशी आधी उदाहरण बरोबर सोडवायची, मग कुठल्या पायरीवर पाय घसरू शकतो ते शोधायची. पाऊणातून एक षष्ठांश काढायचा होता. तिने छेद बारा केला, पण वरचे आकडे होते तसेच ठेवले आणि दोन छेद बारा असं उत्तर लिहून दिलं. सर लगेच धावून आले. "मुंगी! छेद बदललास, आणि अंशाला सांगायलाच विसरलीस?" आणि पुढे सगळं समजावणं. ते सगळं तिला येत होतं. तरी तिने शब्द न् शब्द वाचला, डब्यातलं जेवण गार झालं.

मग दर आठवड्याला नवी चूक. कधी वजाबाकीत, कधी भागाकारात. रेडिओच्या भाषेत सांगायचं तर मालिका रंगात आली होती. मावशीच्या अंगावर जरा मांस चढलं. रविवारच्या फोनचंही तिला पूर्वीइतकं लागेना. ठेवू, असं तो म्हणाला की ती चटकन ठेव म्हणायची, कारण आता मुंगीची पाळी यायची होती. त्यात ती त्याला फसवत होती, हे तिला कळत होतं. दिवसभर राबून आलेल्या पोराला ती फुकटचं कामाला लावत होती. पण तहानलेल्याने पाणी कुठल्या नळाचं ते विचारायचं का, असं मनाशी म्हणून तिने तो विचार दुमडून ठेवला.

मग टाकीचं उदाहरण आलं. टाकी दोन तृतीयांश भरलेली आहे. त्यातलं अर्धं पाणी वापरलं. टाकीचा किती भाग भरलेला राहिला?

मावशीला ते बघताक्षणीच आलं. पण चूक शोधायला तिला दोन दिवस लागले. शेवटी सापडली. दोन तृतीयांशातून सरळ अर्धा वजा करायचा, म्हणजे एक छेद सहा येतं. मूल हमखास असंच करणार. तिने लिहून टाकलं आणि खुशीत वाट बघत राहिली.

गुरुवारी सुट्टीत गठ्ठ्यामागे बसून तिने मोबाइल उघडला. उत्तर आलं होतं. त्यात टाकीचं समजावणं नव्हतं.

"मुंगी, एक विचारू? मागे तुला हे सगळं येत होतं. लागोपाठ बरोबर उत्तरं द्यायचीस. हल्ली सोप्या सोप्या गोष्टी चुकतात. तू हुशार आहेस, म्हणून काळजी वाटते. घरी काही झालंय का? अभ्यासाला तुझ्याजवळ कुणी बसतं का? आईला सांग, जरा वेळ जवळ बस म्हणून. तिला गणित येत नसेल तरी चालेल. नुसती बसली तरी पुरे. माझी आई मी अभ्यासाला बसलो की दार ओढून घ्यायची. माझ्या भल्यासाठीच करायची. पण मला त्या खोलीत फार एकटं वाटायचं. दाराच्या फटीतून तिच्या पायांची सावली दिसायची आणि वाटायचं, आता आत येईल. तिला कधी सांगितलं नाही. तू तुझ्या आईला सांग. मग टाकीचं उदाहरण पुन्हा करून बघ. घाई नाही."

 डबा तसाच उघडा राहिला. तिने कानातली वायर काढली, परत घातली, त्यातून काही ऐकू येत नव्हतं तरी. ती दाराबाहेर उभी राहायची हे खरं होतं. तो काय वाचतोय, दिवा पुरेसा आहे का, पाणी हवं असेल का, असं म्हणून ती तासतासभर उभी राहायची आणि आत जायची तिची छाती व्हायची नाही. तिला वाटायचं, आपली सावली पडली तर त्याची विद्या बिघडेल. आणि आत तो त्याच सावलीकडे बघत बसला होता. दोघं दाराच्या दोन बाजूंना.

रेडिओ डोकावली. "काय गं? हिरो मेला की काय?"

"नाही," मावशी म्हणाली. "बोलला."

पहिल्यांदाच रेडिओला पुढे काय बोलावं ते सुचलं नाही. तिने टेबलावरच्या चादरीचं टोक उचलून मावशीच्या हातात दिलं, आणि त्या दिवशी दुपारभर दोघी गप्प राहून चादरी दुमडत होत्या.

घरी आल्यावर मावशीचा हात सवयीने दाराकडे गेला. तिने तो मागे घेतला. दार उघडंच ठेवलं. शुक्रवारीही, शनिवारीही. शनिवारी तिने स्वयंपाकघरातलं स्टूल उचलून आत नेलं आणि टेबलाजवळ, खुर्चीच्या शेजारी ठेवलं. जरा पाहिलं, मग आणखी जवळ सरकवलं. मुंगीच्या नावाने मात्र तिने काही लिहिलं नाही. खोटं लिहायचं मन होईना, आणि खरं लिहिलं की नुसता अंगठा मिळणार, पुढे काही नाही. हे तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. हा हिशेब तिला पक्का येत होता.

रविवारी दुपारी फोन आला तेव्हा ती त्या स्टुलावर बसलेली होती. तिने मोबाइल टेबलावरच्या कापडावर ठेवला आणि स्पीकर लावला.

"जेवलीस का?"

"जेवले."

"गोळ्या घेतेस ना?"

"घेते."

"बरं. ठेवू?"

"नको ठेवूस," मावशी म्हणाली.

 "का? काय झालं? बरं नाही का तुला?"

"मला काय धाड भरलीय! तू आता काय करणार आहेस?"

"काही नाही गं. मुलांच्या उत्तरांना उत्तरं द्यायचीत, नेहमीचंच."

"मग दे ना. तुझं काम कर तू. फोन राहू दे चालू. मी बोलत नाही काही. नुसती बसते."

"आई, असं काय करतेस?"

"काही नाही रे. बसू ना?"

  मग तो म्हणाला, "बस."

खुर्ची ओढल्याचा आवाज आला. मग बटणांची टकटक, मधूनच थांबणारी, पुन्हा सुरू होणारी. कप खाली ठेवल्याचा आवाज आला, आणि तो निळा आहे हे तिला ठाऊक होतं. एकदा तो नाक ओढल्यासारखा आवाज करून थांबला, लहानपणी गणित अडलं की करायचा तसाच. मावशी हात मांडीवर ठेवून, पाय जवळ घेऊन बसली होती. शेजारची खुर्ची रिकामी होती, पण दार उघडं होतं, आणि टकटक आत येत होती.

मग स्क्रीनवर वरून एक पट्टी सरकत खाली आली.

"मुंगी, तुझं उत्तर नाही आलं. आई बसली का जवळ?"

मावशीने ते वाचलं. पलीकडची टकटक थांबली होती. तिने एक बोट पुढे केलं आणि एकेक अक्षर शोधत, आवाज न करता लिहिलं.

"हो सर. बसली आहे. उत्तर एक छेद तीन."

पाठवलं आणि ती वाट बघत राहिली.  मग त्याचा आवाज आला, जरा जड झालेला.

"आई, आहेस का?"

"आहे रे."

"नाही, म्हटलं, गेलीस की काय."

"कुठे जाते?"

 ठेवू, असं तो म्हणाला नाही. एकदा टक असा आवाज झाला आणि मुंगीच्या उत्तरासमोर अंगठा उमटला. त्याखाली काही लिहिलेलं नव्हतं. बरोबर उत्तराला सर काही लिहीत नाहीत. पलीकडे पुन्हा टकटक सुरू झाली, आता टोपीवाल्यासाठी असणार, आणि मावशी ती ऐकत बसून राहिली.